जीपखालचा डाग

सानपाडा, गुरुवार

तीर्थस्वरूप वामनदादांना,

नंदकुमारचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग खराच आहे, फक्त उताणा. हल्ली माझा मुक्काम तुमच्या जीपखाली असतो.) तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि करंजाड्याच्या नव्या बिल्डिंगची लिफ्ट, तिघांनाही आराम पडला असेल अशी आशा आहे. इकडे वैशाली ठीक, मी ठीक. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा अंतरावर पत्र कशाला? फोनवर मेव्हण्याला बहिणीच्या नवऱ्याचं वाक्य पुरं ऐकवत नाही, म्हणून. सूरज वॉचमनच्या हाती पाठवतो आहे.

नव्या बिल्डिंगमध्ये पार्किंग मिळालं नाही म्हणून तुम्ही जीप आमच्याकडे ठेवलीत, आणि तिनं सोसायटीच्या फरशीवर रोज एक काळा डाग टाकायला सुरुवात केली. तुमचा हुकूम मला तोंडपाठ आहे: "पावनं, गिअरचं तेल थांबलं तं गारी ठेवा. नाय तं रविवारी तलोज्याचा भंगारवाला येल." तेव्हापासून वैशाली माझ्याशी कमी आणि जीपशी जास्त बोलते.

म्हणून मी रीतसर तपासाला लागलो. आधी फ्रिजचा पुठ्ठा खाली अंथरला. डाग कुठल्या तेलाचा, ते वैशालीनं नुसत्या वासावरून सांगितलं. कुजक्या अंड्यासारखा, म्हणजे गिअरचंच. (माहेरची जीप असल्यामुळे ती त्याला 'दरवळ' म्हणाली.) मितेश मेकॅनिकनं अख्खा गिअरबॉक्स उतरवून सगळी सीलं बदलायला सांगितली, तेही उभ्या उभ्या, कारण वाकलं की त्याची कंबर धरते. मी म्हटलं, आधी गळतंय कुठून ते तरी बघू. गाडी पळताना वारा तेलाला मागे ढकलतो, त्यामुळे थेंब पडतो एकीकडे आणि उगम असतो भलतीकडेच. तेव्हा गिअरबॉक्स डिझेलनं लख्ख पुसला आणि त्याला टाल्कम पावडर फासली. (वैशालीची, लग्नकार्यासाठी राखून ठेवलेली. डबा तिनं स्वतःच आणून दिला, यावरून प्रसंग ओळखा.) पामबीच रोडला एक फेरी मारून पुन्हा खाली शिरलो. पांढऱ्या पावडरीवर ओघळ स्पष्ट दिसत होता. तो एकाही सीलपासून निघत नव्हता. निघत होता थेट वरून, गिअरबॉक्सला श्वास घ्यायला ठेवलेल्या बारक्या नळीतून.

श्वासातून तेल येतंय म्हणजे पोट तुडुंब असणार. बाजूचं बूच उघडलं. तेल त्याच्या कडेपर्यंतच असावं असा नियम आहे. इथं ते माझ्या चष्म्यावर आलं आणि येतच राहिलं. चौकशीत निघालं ते असं. डाग दिसला की मी दर शनिवारी गिअरच्या दांड्याजवळची टोपी काढून वरून थोडं तेल घालत होतो. मी विसरेन म्हणून वैशाली मधल्या वारी घालत होती. सूरजला तुम्ही जाताना "लक्ष ठेव" म्हणून बजावलं होतंत, तर तो लक्ष ठेवता ठेवता तेलही घालत होता. (पहिला डाग कसा पडला, विचाराल. माहेराहून रिकामं पाठवू नये म्हणून गाडी देताना तुम्हीच डबाभर तेल ओतलं होतंत. सूरजनं पाहिलंय.) पंगतीत हात आडवा धरणाऱ्याला आपण वाढतो, तसं सगळ्यांनी मिळून त्या गिअरबॉक्सला वाढलं. मी चिडायला गेलो, तर वैशाली म्हणाली, "दादाची गाडी उपाशी राहील असं वाटलं." मग माझ्यानं चिडवेना.

जास्तीचं तेल काढलं, नळी साफ केली, बूच घट्ट केलं. पुठ्ठा परवापासून कोरडा आहे. वहिनींना नमस्कार सांगा.

आपला,
नंदकुमार

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगा. वैशालीला तुम्ही याच जीपवर गाडी शिकवलीत. काल संध्याकाळी ती एकटीच खाली जाऊन स्टिअरिंग धरून बसली होती. मला ते बघवलं नाही. आणि खरं सांगायचं तर आता मलाही ही गाडी सोडवत नाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवण्याआधी पुठ्ठा पाहून आलो. नवा डाग आहे. वैशालीला आणि सूरजला शपथ घालून विचारलं, कुणी थेंबभरही घातलेलं नाही. वैशालीनं दोनदा वास घेतला. अंडं अजिबात नाही, हे इंजिनचं तेल आहे. तुम्ही बोलला होतात ते फक्त गिअरच्या तेलाबद्दल. शब्द पाळावा.