फळ्यावरचं नाव

कोल्हापूर, १६ जुलै २०२५

चि. शिवलीला हिस, सोमशेखरदादाचे अ. उ. आ.

अक्षर बघून हसू नकोस, डाव्या हाताने लिहितोय. उजवा मोडलाय. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो.

तालमीसमोरच्या फळ्यावर मी रोज दिनविशेष लिहितो, तुला ठाऊक आहे. तेरा जुलैला वर पावनखिंडीची लढाई लिहिली, खाली दोन हजार अकराचे मुंबईतले बॉम्बस्फोट. त्यापुढे तुझ्या नवऱ्याचं नाव : आपल्या पेठेतला भरमाप्पा झवेरी बाजारात ठार झाला. तालमीतला सम्राट आला. बाजीप्रभूंच्या फळ्यावर सोनाराच्या नोकराचं नाव कशाला, पुसा म्हणाला. मी नाही म्हटलं. त्याने दांडकं उगारलं. हात आडवा धरला, तर हाड कडकन मोडलं. खाली पडून डोकं फुटल्यावर बरगडीत लाथा घातल्या आणि माझ्याच रक्ताने भिजलेल्या टोपीने नाव पुसलं.

पोलिसांत गेलो नाही. माझ्याच वर्गात शिकलेला पोरगा आहे. तू येऊ नकोस. माया मात्र आहे तशी राहू दे.

तुझा दादा

आजरा, १९ जुलै

ती. दादास, शिवलीलाचा सा. न. वि. वि.

येऊ नको म्हणालास, म्हणून पुढच्या रविवारी येतेच.

चौदा वर्षं कुणाला सांगितलं न्हाय, ते आज लिहिते. मुंबईच्या दवाखान्यात चादर उचलली तेव्हा त्यांना तोंडच नव्हतं. एक पाय वेगळा ठेवलेला. गळ्यातल्या इष्टलिंगावरून ओळखलं मी. झोपल्यागत दिसत होते, असं तुम्हा सगळ्यांना खोटं सांगितलं. आपण काय पुसलं, ते त्या सम्राटला कळू दे की.

हात जप. वहिनींना नमस्कार. बहिणीवर रागावू नकोस.

शिवलीला

कोल्हापूर, २९ जुलै

चि. शिवलीला हिस अ. उ. आ.

फळ्यावर नाव पुन्हा लिहून, तालमीच्या दारात सम्राटला पोरांसमोर सगळं सांगून, 'आता पूस' म्हणून तू एसटीला गेलीस. पुढचं तुला माहीत नाही. तू वळलीस आणि तालमीतल्याच पोरांनी सम्राटला धरला. नाक फोडलं, दात पाडले, डोकं फरशीवर आपटत होते. तुझ्या नावानं मारत होते, शिवलीला. मी ओरडलो, कुणी ऐकेना. शेवटी प्लास्टरसकट त्याच्या अंगावर आडवा पडलो. पाठीत दोन दांडकी बसली, तेव्हा थांबले.

सम्राटचा जीव वाचलाय. काल दवाखान्यात गेलो होतो. स्फोट झाले तेव्हा तो सहा वर्षांचा. भरमाप्पाचं विचारलं त्यानं. मी तारीख सांगितली, जागा सांगितली, किती माणसं मेली ते सांगितलं.

"ते न्हवं मास्तर," म्हणाला, "माणूस कसा हुता?"

इतकी वर्षं इतिहास शिकवला, तो तारखांचाच. तेवढं तू लिहून पाठव. मी त्याला वाचून दाखवीन.

वाट बघतो. लोभ असाच ठेव.

दादा