शिडीला दहापैकी दोन

३ जून, मंगळवार

पिवळ्या जर्सीवाल्यांना वेड लागलंय! पुढच्या वर्षी नवा खेळाडू निवडायची आपली पहिली पाळी हिरव्यांना देऊन बसले. कशासाठी, तर यंदा जरा आधी पाळी यावी म्हणून. आणि उचलणार कोणाला? तो ताडमाड पोरगा, ज्याला पळताना स्वतःचेच पाय आडवे येतात. मी दुपारी तसं छापायला दिलं. संपादक म्हणाले, "जरा सौम्य लिहा." सौम्य लिहायला मी काय अभिनंदनाची पत्रं लिहिते?

पुढच्या आठवड्यात ड्राफ्ट. बास्केटबॉलचे सगळे संघ पाळीपाळीने नवी पोरं उचलणार आणि दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक संघाला दहापैकी गुण देणार. लोक मला शिव्या घालतात आणि आधी तेच पान उघडतात!

यंदा उचलायच्या पोरांत शिडी आहे. ताईचा मुलगा. शाळेत असतानाच दाराच्या चौकटीला कपाळ लागायला लागलं, तेव्हा हे नाव मीच ठेवलं. आता सगळं गाव त्याला शिडीच म्हणतं.

५ जून

ताईचा फोन. "पहिल्या पाचात जाईल ना गं?"

जाईल म्हटलं. मनापासून म्हटलं. पोरगा आहेच तसा.

"मग चार बरे शब्द लिही हं भाच्याबद्दल. नाहीतर तुझी जीभ म्हणजे—" पुढचं गिळलं तिने. कळलं मला.

७ जून

आज चाचणी होती. सगळ्या संघांचे पारखी वर गॅलरीत. शिडी उडाला की टाळ्या. उडी सगळेच बघतात, मी उतरणं बघते. इतकी वर्षं हेच करत आले.

तो उजव्या पायावर उतरतोय. डावा मागून टेकवतो, गरम पाण्याचा अंदाज घ्यावा तसा. एकदा झालं, सोडून दिलं. पुन्हा झालं. मग मला दुसरं काही दिसेचना.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर गाठला.

"डावा गुडघा?"

"छे गं मावशी!"

"माझ्याकडे बघून सांग."

बघितलं. "काही नाही गं, खरंच. तू उगाच डोकं लावतेस."

चक्क डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलला! याला मी अंगाखांद्यावर खेळवलाय. घरी आले आणि नुसती बसून राहिले. राग गुडघ्याचा नाही. मला बनवायला निघाला, त्याचा आहे.

८ जून

जेवण गेलं नाही. ताईला सांगू? काय सांगू?

१० जून — ड्राफ्ट

मोठं सभागृह, डोळ्यांत जाणारे दिवे, प्रत्येक पोराच्या घरच्यांना एक गोल टेबल. ताई नवी साडी नेसून आली होती. भाऊजींनी टाय बांधला होता, तो त्यांना काचत होता. मी पत्रकारांत बसले. तिकडे बसायची लाज वाटली.

पिवळ्यांनी तो ताडमाड घेतला. निळ्यांनी एक नेमबाज घेतला, जो बचावाला उभाच राहत नाही. पहिले पाच झाले. शिडी नाही. पुढचे पाच झाले. नाही. ताईचं हसू तोंडावर तसंच चिकटवलेलं. तिच्याकडे बघवेना. हळूहळू टेबलं रिकामी होत गेली, माणसं हार घेऊन फोटो काढायला गेली, आणि ही तिघं तिथेच. कोणाच्या तरी कानावर गुडघ्याचं गेलं असणार, मग काय, एकाचं बघून दुसरा.

शेवटी काळ्यांनी घेतला. अगदी शेवटच्या पाळीला. त्यांच्या व्यवस्थापकाला सगळे मास्तर म्हणतात. भोळा माणूस, शब्दावर विश्वास ठेवणारा. शिडीने त्यांना कडकडून मिठी मारली. ताई रडली. मला वाटलं, चला, सापडला एक बकरा.

११ जून

गुण दिले. पिवळ्यांना तीन, निळ्यांना पाच, हिरव्यांना आठ. काळ्यांना दोन.

लिहिलं: 'ही निवड नाही, जुगार आहे आणि तोही डोळे बांधून. खेळाडूने दुखापत लपवली आणि संघ फसला.'

संपादकांनी चष्मा काढला. "घरचाच ना हा? नक्की?"

"माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"गुडघ्याचं नाही विचारत. लपवल्याचं विचारतोय."

"सख्ख्या मावशीला तोंडावर थाप मारली त्याने. यांना काय खरं सांगणार आहे?"

"बघा बुवा. खाली नाव तुमचं आहे."

असू दे. घरचा म्हणून सोडला तर उद्या पिवळ्यांना तीन कोणत्या तोंडाने देऊ?

१२ जून

छापून आलं. सकाळीच ताईचा फोन. एकच वाक्य. "तुला पोर नाही ना, म्हणून." आणि ठेवला.

मी परत लावला. उचलत नाही.

१३ जून

ऑफिसात सगळे पाठ थोपटतायत. "सख्ख्या भाच्यालाही सोडलं नाहीत! मानलं!" शिपायानेसुद्धा हात जोडले. बरं वाटायला हवं होतं. नाही वाटत. भाऊजींना निरोप टाकला, त्यांनी तो वाचला.

१५ जून

काळ्यांचा सराव लोकांना बघायला खुला होता. मागच्या रांगेत जाऊन बसले, तोंड लपवूनच म्हणायचं.

दोन टवाळ पोरं पायऱ्यांवरून मुद्दाम लंगडत उतरली. लोक खो-खो हसले. मग कोणीतरी ओरडलं, "लबाड लंगड्या!" आणि सगळ्या गॅलरीने तेच धरलं. टाळ्यांच्या तालावर! लबाड हा शब्द मी लिहिला नव्हता. पण त्यांना दिला मीच.

शिडी खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. बांधून झाली तरी बांधतच होता. वर बघितलंच नाही त्याने. मास्तर मैदानाच्या मधोमध येऊन गॅलरीकडे बघत उभे राहिले. मग ओरडा थांबला.

मी निघून आले. खोटं बोलला तर भोगेल, असं घोकत आले.

१६ जून

काही लिहावंसं वाटत नाही.

१८ जून

मास्तरांचा फोन आला होता.

"पोराने शब्द घेतला होता माझ्याकडून, आज मोडतोय. त्या दिवशीचं गॅलरीतलं बघवलं नाही हो. बाई, गुडघा आम्हाला माहीत होता. पहिल्याच भेटीत त्याने स्वतः सांगितला. सगळ्या संघांना सांगितला, म्हणून तर शेवटपर्यंत उरला. आणि म्हणूनच मी घेतला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"म्हणाला, मावशीला कळलं तर तिला लिहावंच लागेल. आणि माझ्याविरुद्ध लिहिताना तिला फार त्रास होईल."

मला त्रास झाला नव्हता. तासाभरात लिहून झालं होतं. मध्ये उठून चहासुद्धा प्यायले.