पुतळ्याचा खेळ

आई,

वाकून नमस्कार केला असता, पण बरगडी वाकू देत नाहीये.

आज छोटीच्या बालवाडीत आईबाप आणि मुलांचे खेळ होते. आम्ही मायलेकी पुतळ्याच्या खेळात उतरलो. शिट्टी वाजली की जोडीनं थिजायचं, हलेल तो बाद. बाकीची पोरं खिदळली नि बाद झाली. छोटीची पापणीही लवली नाही. बाई म्हणाल्या, "घरी सराव घेता की काय?" तुमचा लेक सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता.

लग्न झाल्यावर तुम्हीच कानात सांगितलं होतंत, "तो मारायला लागला की हलू नकोस. लवकर दमतो." मी ऐकलं. छोटीनं नुसतं बघून उचललं.

संध्याकाळी दूध सांडलं म्हणून त्यानं तिच्यावर पट्टा उगारला. ती पुन्हा पुतळा झाली. आई, मी हलले. चुलीवरचा तापला तवा त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडलेलं ऐकू आलं.

हे पत्र टाकणार नाही. गावी आला की तुम्हाला पत्रं तोच वाचून दाखवतो. प्लास्टर बघून विचारलंत तर म्हणेल, "जिन्यावरून पडलो." बिनजिन्याच्या घरांत आपण दोघीही तशाच पडत आलोय.

खेळातून बाद झालेली,
तुमची सून