तुम्ही शेजारी बसून बघितलेले गेम

आई,

आज दुपारी त्या दोघांचा नवा गेम आला. होडीवाल्याचा गेम ज्यांनी केला होता ना, ते बहीण-भाऊ. तुम्ही त्यांना ‘आपली ती पोरं’ म्हणायचात, जशी काही ती आपल्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात. मी गेम विकत घेतला, टॅबवर उतरवला आणि सुरू करायच्या आधी सवयीने पलंगावर भिंतीकडे सरकून बसले. तुमच्यासाठी जागा केली. मग भानावर आले. गेम तसाच ठेवला आणि हे लिहायला घेतलं.

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. या वर्षात मी बरेच गेम घेतले, पुरा एकही केला नाही. अर्ध्यावर आलं की काहीतरी विचारावंसं वाटतं आणि विचारायला कोणी नसतं.

सुरुवातीला माझं खेळणं तुम्हाला अजिबात आवडायचं नाही. गिरगावातली शिकलेली सून, आणि रविवारी पोरांसारखी टॅब घेऊन बसते. तुम्ही नंदूला सांगायचात, मला ऐकू येईल अशा बेताने, “तिला सांग, डोळे जातील.” मला थेट कधीच नाही. परळच्या दीड खोलीत एकमेकींशी थेट न बोलता राहणं सोपं नाही, पण आपण दोघींनी ते चांगलं जमवलं होतं.

मग पाचव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं.

हॉस्पिटलमधून घरी आले, तर कोणी काही विचारेना. नंदू कॉटन ग्रीनच्या ऑफिसातून यायचा, माझ्या डोक्यावर हात ठेवायचा आणि टीव्हीवर बातम्या लावायचा. माझी आई फोनवर गिरगावातल्या उकाड्याबद्दल बोलायची. तुम्ही न बोलता माझ्या ताटात बांगड्याची मधली तुकडी वाढायचात. सगळे मला जपत होते. त्या जपण्यात मला श्वास घेता येत नव्हता. मी खिडकीशी बसून होडीवाल्याचा गेम खेळत राहायची.

असे गेम मला का आवडतात, हे नंदूला मी कधी समजावू शकले नाही. मोठ्या कंपन्यांचे गेम अंगावर येतात. रोज या, बक्षीस घ्या, मैत्रिणीला बोलवा, नाही आलात तर मागे पडाल. या छोट्या गेमांना तेवढं बळच नसतं. एखाद-दोन माणसांनी आपली नोकरी सांभाळून केलेले असतात, मसाला डोशाच्या भावात मिळतात. कुठे चित्र ओबडधोबड, कुठे अक्षर वाचता येत नाही. पण कोणीतरी मनापासून काहीतरी सांगतंय आणि सांगून झालं की गप्प बसणार आहे, हे खेळताना कळतं. मला त्या दिवसांत तेवढंच सोसत होतं.

एका दुपारी तुम्ही तांदूळ निवडता निवडता माझ्या बाजूला येऊन बसलात. बराच वेळ बघत होतात.

“हा माणूस कुठे चाललाय?”

“पलीकडे. माणसं नेऊन सोडतो.”

“आणि मग?”

“मग परत येतो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

तुम्ही परत तांदळात बोटं घातलीत. थोड्या वेळाने म्हणालात, “पाणी खोटं काढलंय मेल्यांनी. वल्ह्याचा आवाज मात्र खरा आहे.” तुमचे वडील खाडीवर होडी चालवायचे, हे लग्नाला तीन वर्षं होऊन मला त्या दुपारी कळलं.

त्यानंतर तुम्ही रोज बसू लागलात. त्या गेममध्ये एक बाई होडीत चढते, आठवते ना? पाठ फिरवून बसते. दोनच गोष्टी करता येतात, तिला विचारायचं किंवा नुसतं वल्हवायचं. मी दर वेळी वल्हवत राहायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुम्हाला ते सहन होईना.

“विचार ना तिला.”

“नको.”

“अगं, एवढी बसलीये बिचारी. विचार गो तिका.”

मी टॅब पलंगावर ठेवला. म्हणाले, “आई, मला तरी कोणी विचारलं?”

तुम्ही मांडीवरचं सूप बाजूला ठेवलंत. चाळीस वर्षं मुंबईत राहून तुमची मालवणी रागात किंवा मायेतच बाहेर यायची. त्या दिवशी अगदी हळू आवाजात आली. “चेडू होतां काय गो?” मुलगी होती का?

होती. नर्सने सांगितलं होतं. मी ते नंदूलाही सांगितलं नव्हतं, कारण त्यानेही विचारलं नव्हतं. तुमच्या मांडीवर डोकं ठेवून किती रडले, सूप कलंडून तांदूळ सगळीकडे झाले, तुम्ही ते तसेच राहू दिलेत. मग म्हणालात, “नंदूच्या आधी माझाही एक गेला. गावाला. बारशाच्या आधीच.” आणि पदराने माझं तोंड पुसत, “मी आहे तोवर नंदूला सांगू नको. उगाच माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघेल.”

पुढची दोन वर्षं किती गेम झाले आपले. तुमची मतं ठाम असायची. जनावर मरत असेल तर तो गेम बंद. कोणी घरातून निघताना दार ओढून घेतलं नाही, तर त्याला परत पाठवायचं. मशरूम गोळा करायचा तो गेम इंटरनेटवर सगळ्यांनी डोक्यावर घेतला होता. तुम्ही दहा मिनिटांत म्हणालात, “फार बोलतो. आलेला पाहुणा उठेचना, तसं झालंय.” आपलं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. गेम लहान असावा असं मी म्हणायची. तुम्ही मात्र शेवट आला की हटकून विचारायचात, “संपला? आता ती माणसं काय करणार?”

मला तेव्हा हसू यायचं. आता नाही येत.

पण एक बोलायचंच आहे. गेममधल्या बाईला विचार म्हणून माझ्या मागे लागलात, आणि स्वतःच्या छातीत दुखतंय हे दिवसेंदिवस लपवलंत? का, तर लालबागला जाऊन वर्षाचा मसाला कुटून आणायचा राहिला होता. मसाला आला. तुम्ही त्या आठवड्यातच गेलात. हॉस्पिटलमध्ये मी टॅब घेऊन आले होते. तुम्हाला धरवत नव्हता. “तू खेळ, मी बघते,” म्हणालात, आणि बघता बघता डोळा लागला तुमचा. मला वाटलं, झोप लागली तर बरंच आहे.

आता आजचं सांगते. हे अर्धं लिहून झालं आणि नंदू घरी आला. मी रडलेली त्याला दिसली. टॅब उघडा होता. तो कधी नव्हे ते बाजूला बसला आणि म्हणाला, “आई काय बोलायची गं, तू खेळताना?”

मी सगळं सांगितलं. मशरूमचं, दाराचं, वल्ह्याच्या आवाजाचं. मग आपल्या मुलीचं. मग तुमच्या मुलाचं. तुम्ही घातलेली अट संपली होती, तरी सांगताना तुमची भीती वाटली.

नंदूने टॅब बंद करून बाजूला ठेवला. म्हणाला, “बारसं झालं नव्हतं, तरी आई त्या बाळाला काहीतरी हाक मारतच असेल ना?”

मला माहीत नव्हतं, आई. इतक्या दुपारी आपण शेजारी बसलो, आणि मी हे कधी विचारलं नाही.

नंदूच्या मालवणच्या मावशी त्या बाळंतपणात तुमच्याजवळ होत्या, असं तुम्ही म्हणाला होतात. फोनवर विचारायची ही गोष्ट नाही. मे महिन्यात आम्ही दोघं त्यांच्याकडे जातोय. नंदू विचारील, मी त्याच्याजवळ बसेन. ती हाक कळली की आमच्या मुलीलाही एक नाव ठेवायचं, असं आम्ही आज ठरवलंय. दोघांची नावं या घरात घेतली जातील. हा शब्द तुम्हाला दिला.

तुमची,
मुग्धा