आईच्या हृदयाची बातमी

२ जानेवारी

चि. बेडकीस,
अ. उ. आ. (रीत म्हणून लिहिलेत, फार मनावर घेऊ नकोस.)

फोनवर तू ओरडतेस आणि मी फोन आपटते, म्हणून पत्र. पत्रात निदान तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

काल ड्यूटीवर जाण्याआधी आईकडे डोकावले. हाका मारल्या, उत्तर नाही. न्हाणीघरात बघते तर आई टबात गळ्यापर्यंत थंडगार पाण्यात बसलेली, ओठ निळे, आणि मोठमोठ्याने श्वास मोजतेय. मी किंचाळले. तिने हातानेच मला गप्प केलं, मोजणं पुरं केलं आणि मग ऐटीत सांगितलं की धाकटी पत्रातून थंडीची तालीम देतेय. रोज जरा जास्त वेळ बसायचं, श्वास लांब सोडायचा, बोटं दुखली तरी घाबरायचं नाही. अगं, उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण उंटावर बसून एकाहत्तर वर्षांच्या आईला पाण्यात ढकलणारी तूच पहिली!

आपल्याकडचा थंडीचा महिना तुला नवा नाही. पहिल्या रविवारी फुलांचं प्रदर्शन, दुसऱ्या रविवारी धावण्याची शर्यत, तिसऱ्या शनिवारी शेकोटीभोवती गाणी. तिन्ही ठिकाणी आई असतेच. कुंड्या उचलायला, शर्यतीच्या वळणावर पाणी द्यायला, गायला. माझी त्याला कधी ना होती? पण शेवटच्या रविवारी पोहून तळं पार करायचं असतं, आणि यंदा तिने त्यात नाव दिलंय. समितीतले आपले चष्मेवाले काका म्हणे टाळ्या वाजवत होते. त्यांचं काय जातं टाळ्या वाजवायला?

मी नर्स आहे. थंड पाण्यातून काढलेली माणसं मी हाताने चोळून गरम केलीयत, त्यातली सगळी गरम झाली नाहीत. तेव्हा आईला आज लिही की हा खुळेपणा पुरे. तुझं ऐकते ती, माझं ऐकत नाही, याचाही मला राग आहेच.

लोभ शिल्लक आहे तो जपून वापर.

तुझी ताई

६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून झिणझिण्या आल्या. आई टबात बसली म्हणून नाही, तू किंचाळलीस म्हणून. श्वास मोजताना कुणी किंचाळलं की माणूस दचकतं, आणि दचकलं की पाणी नाकात जातं. हे मी पोहायला येणाऱ्या पाच वर्षांच्या पोरांच्या आयांना सांगते, आज तुला सांगतेय.

आई तळ्यावरच्या तिकीटखिडकीत सबंध नोकरीभर बसली. लोक कोरडे यायचे, ओले जायचे, आणि ही मधे सुटे पैसे मोजत. निवृत्त झाल्यावर त्याच तळ्यात पोहायला शिकली, तेव्हाही तू नाक मुरडलं होतंस. सहा उन्हाळे ती तळं पार करतेय, ताई. आता एकदा थंडीत करायचंय म्हणाली. तिने मला विचारलं, मी शिकवतेय. माझा धंदाच तो आहे.

तुझ्याकडे रक्तदाबाचं यंत्र आहे म्हणून दिसेल तो माणूस तुला पेशंट वाटतो. गेल्या वेळी मी आले तर दारातच माझी जीभ बघितलीस! आईची तपासणी तूच केलीस ना पावसाळ्यात? सगळं ठणठणीत म्हणून तूच लिहिलं होतंस. मग आता कुठे बिघडलं?

आणि मीच येऊन तिला बघावं हे फोनवरचं टुमणं पत्रात काढू नकोस. मला या महिन्यात रजा नाही आणि माझी खोली एवढीशी आहे. पण आई माझ्याजवळ असती तर मी हात धरून तिला पाण्यात नेलं असतं, तुझ्यासारखी काठावर बोंबलत बसले नसते.

तुझा लोभ जपूनच वापरतेय, संपत आलाय.

धाकटी

१२ जानेवारी

चि. बेडकीस,
आशीर्वाद या खेपेला नाहीत.

तुझी शिकवणी बंद झाली, ही आनंदाची बातमी. सुंठीवाचून खोकला गेला. तुला पहिलं पत्र टाकलं त्याच संध्याकाळी मी चष्मेवाल्या काकांच्या दुकानात गेले, काचेवर कोपर टेकलं आणि हळू आवाजात सांगितलं की आईच्या हृदयाची झडप नीट मिटत नाही, तिला आम्ही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका, फक्त तळ्याच्या शर्यतीतून काहीतरी कारण काढून तिला वगळा. बिचाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आरोग्यकेंद्रातली नर्स, त्यातून पोटची मुलगी, मग कोण कशाला शंका घेईल? त्यांनी आईला सांगितलं की यंदा साठीपुढच्यांना परवानगी नाही.

हो, खोटं बोलले. वाटेल ते म्हण. बाबा छातीत कळ येऊन गेले तेव्हा तू परगावी होतीस, त्यांचा हात माझ्या हातात होता. मला दुसऱ्यांदा तो हात धरायचा नाही. एवढं साधं आहे.

एकच झालंय. काकांच्या पोटात बातमी राहिली नाही. फुलांच्या प्रदर्शनात आईच्या हातातली कुंडी दोघा-तिघांनी मिळून काढून घेतली आणि तिला सावलीत बसवलं. काल धावण्याच्या शर्यतीच्या वळणावर ती पाण्याची भांडी घेऊन गेली तर तिथे शाळेच्या बाई आधीच उभ्या. आईला म्हणाल्या म्हणे की तुम्ही आयुष्यभर केलंत, आता आराम करा. आईने घरी येऊन ती भांडी माळ्यावर टाकलीयत. राग निवळेल. माणूस जिवंत असलं की रागावतंच.

पत्राचं उत्तर नाही आलं तरी चालेल.

ताई

१५ जानेवारी

ताई,

नमस्काराला हात वळत नाहीत.

तू चोर, आणि वर मलाच फुशारकीने सांगतेस! आईला तळ्यातून काढलंस ते काढलंस, आता तिला अख्ख्या गावातून काढलंयस. कुंड्या गेल्या, वळण गेलं, उद्या-परवा गाणंही जाईल. तिला वर्षभर या थंडीचीच वाट बघायची सवय आहे हे तुला दिसत नाही? तू तिला जिवंत ठेवलंस म्हणतेस. कशासाठी, खुर्चीसाठी?

मी आईला सगळं लिहून टाकलंय, याच टपालाने. आणि तिने नुसतं हो म्हणावं, मी समितीला पत्र धाडते की आईचं हृदय तुझ्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहे आणि नर्सबाई थापा मारतात. मग बस आरोग्यकेंद्रात उत्तरं देत.

लोभाचं नंतर बघू.

धाकटी

१९ जानेवारी

चि. थोरली आणि चि. धाकटी,
दोघींना मिळून एकच आशीर्वाद, वाटून घ्या. भांडाल, माहीत आहे.

ही दोन पत्रं एकसारखीच आहेत. एकीला जास्त लिहिलं असं कुणी म्हणू नये.

धाकटे, तुझी चहाडी आज सकाळी पोचली, पण मला शनिवारीच कळलं होतं. शेकोटीजवळ सगळे गाणारे उभे, आणि मला पुढे एकटीला खुर्ची, पायावर घोंगडी. मी उठून मागच्या रांगेत गेले तर गाण्याच्या मास्तरांनी मला दंडाला धरून परत बसवलं आणि कानाशी विचारलं की झडपेचं कसं आहे. मी विचारलं कसली झडप, तर त्यांचा चेहराच उतरला. वरच्या पट्टीतली ओळ आली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मेले की काय ते बघायला. मग मी गायलेच नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

झडपेचं खूळ कुणाच्या डोक्यातलं ते ओळखायला मला पत्र लागलं नाही. गावात असे शब्द वापरणारी एकच बया आहे, तिला मीच जन्म दिलाय.

धाकटे, समितीला काही लिहायचं नाही. लिहिलंस तर माझ्याशी गाठ आहे. मी ठणठणीत आहे असं मी म्हटलं की थोरली खोटं बोलली असं होतं, आणि खोटं बोलणाऱ्या नर्सच्या हातून उद्या कोण सुई टोचून घेईल? तिची नोकरी जाईल. आपलेच दात, आपलेच ओठ. तेव्हा थोरले, तुझ्या नोकरीसाठी मी हृदयाची रोगी झालेय. चौकात लोक माझी पिशवी उचलतात, मी देते. दम लागल्यासारखं करते. माझं भलं चाललंय असं तुला वाटत असेल तर एकदा माझ्याबरोबर बाजारात चल.

तू मला विचारलं नाहीस. बाबांच्या वेळी हात तू धरला होतास हे खरं, पण नवरा माझा होता. मला भीती काय असते ते कळत नाही असं समजलीस? भीत भीतच टबात बसत होते मी.

या गावात मला आता पाण्याजवळ कुणी फिरकू देणार नाही, आणि मी खरं सांगू शकत नाही. म्हणून परवाच्या गाडीने धाकटीकडे येतेय. तिथे माझ्या हृदयाची कुणाला माहिती नाही. खोली एवढीशी असली तरी मी जाड नाही.

दोघींवरही माया आहे. सध्या ती बाहेर काढावीशी वाटत नाही.

आई

२७ जानेवारी

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. खरोखरचा.

आई पोचल्याचं तुला कळलं असेलच. माझा पलंग तिचा झालाय, मी जमिनीवर. तुझं नाव काढलेलं तिला चालत नाही, म्हणून मी तलावावरच्या कपडे बदलायच्या खोलीत बसून लिहितेय.

आमच्याकडेही महिनाभर काहीबाही चालू असतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती चौकातला फलक वाचून आली. मला वाटलं गाण्याच्या कार्यक्रमाचं विचारेल. तिने शनिवारच्या पोहण्यात नाव देऊन टाकलं होतं. ताई, इथे तळं नाही, नदी आहे. पलीकडच्या काठावरचा माणूस पुरुष की बाई तेही नीट दिसत नाही, आणि पुलाखाली पाणी ओढतं. मी जन्मभर उबदार पाण्याच्या तलावात शिकवते. जानेवारीत या नदीत मी स्वतः कधी घोट्याच्या वर उतरलेली नाही. हे तुला पूर्वी सांगितलं नव्हतं.

काल तिच्याबरोबर काठावर गेले. ती सरळ गळ्यापर्यंत आत गेली आणि श्वास मोजायला लागली, मी शिकवला तसाच. बाहेर आली तेव्हा तिचा हात माझ्या हातात घेतला तर तो हातासारखा लागेना. ती मात्र हसत होती, म्हणाली की तुझी शिकवणी झकास आहे. मी तिला म्हटलं की जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू. तर म्हणाली की तू थोरलीसारखं बोलायला लागलीस, आणि टॉवेल माझ्या अंगावर फेकून निघून गेली. काल संध्याकाळपासून माझ्याशीही बोलत नाही.

इथल्या नावनोंदणीचे साहेब माझ्या ओळखीचे आहेत. माझ्या शब्दावर विश्वास ठेवतील, मी शिकवणारी आहे ना. तू मला जे काय म्हणायचं ते रविवारी म्हण, सगळं ऐकून घेईन. पत्र मिळताच फक्त एवढंच कर. चष्मेवाल्या काकांना तू झडपेचं नेमकं काय सांगितलं होतंस, ते शब्दाला शब्द मला फोनवर सांग. मी ओरडणार नाही.

लोभ उसना का होईना, दे.

तुझी बेडकी