आठ घरांचे पत्रे

खैरवाडी, ता. औंढा नागनाथ
१२ मार्च २०००

चि. प्रभू व चि. सौ. मिरा यांस शिवकन्याअक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र परभणीला जाऊन फिरत फिरत आलं. आपला जिल्हा हिंगोली होऊन वर्ष होत आलं. वाळूजच्या कारखान्यात एवढाली यंत्रं चालवतोस अन् पत्त्यावर जिल्हा लिहिता येत न्हाई, असं तुझे दाजी म्हणून राहिले. मिराला आता कितवा महिना लागला ते कळव. तिला उभ्यानं धुणं धुऊ देऊ नको.

आता वाईट लिहिते. मंगळवारी दुपारी आमच्या गावानं तांडा जाळला.

तुला ती आठ घरं ठाऊक आहेत. गावाखालच्या गायरानात आपल्या जन्माआधीपासून आहेत. आजवर त्या मुरमाड जमिनीकडं कोणी पाहिलं न्हाई. यंदा सिद्धेश्वरच्या धरणाची चारी तिच्या कडेनं खोदली, पुढं पाणी येणार असं दिसलं, अन् थोरल्या दिरांच्या डोक्यात ती जमीन शिरली. पुंजाजी किती हट्टी, ते तू माझ्या लग्नात पाहिलंसच.

तांड्यावरचे बरेच जण औंढ्याला बाजारात गेले होते, ती वेळ गाठली. पंचवीस-तीस जण कुऱ्हाडी, लोखंडी गज अन् रॉकेलचे डबे घेऊन उतरले. पुंजाजी सगळ्यांत पुढं. अनुसयाबाईचा नवरा धर्मसिंग तापानं घरीच होता. तो दारात आडवा झाला अन् म्हणाला, आधी लेकरं बाहेर काढू द्या. पुंजाजीनं त्याच्या गुडघ्यामागं कुऱ्हाड घातली. तो पडल्यावर बाकीच्यांनी गजांनी हाणलं. हिंगोलीला नेताना जीपमध्येच तो गेला. अनुसयाबाई दोन्ही पोरी अन् तान्हं लेकरू घेऊन कोरड्या चारीत पालथी पडून होती. वरून जळका पाचोळा उडत येऊन पोरींच्या पाठी भाजल्या.

तुझे दाजी तेव्हा वरच्या माळावर मेंढ्या चारत होते. त्यांनी सगळं पाहिलं. संध्याकाळी त्या बाया अन् लेकरं आमच्या दारात येऊन उभी राहिली. दाजींनी मेंढ्या वाड्याबाहेर काढल्या, उघड्यावर बांधल्या अन् वाडा झाडून दिला. आता मेंढ्या बाहेर अन् माणसं आत आहेत.

पोलीस आले. पुंजाजी त्या दिवशी औंढ्याच्या बाजारात होते, असं गावातल्या चौघांनी लिहून दिलं.

मला रातभर झोप न्हाई. दोघांनी जपून राहा. माया आहेच, ती आटू देऊ नको.

तुझी अक्का


वाळूज
१९ मार्च २०००

ती. शिवकन्याअक्का व ती. दाजी यांस प्रभूचा सा. न.

मिराला सातवा लागला. तुझं पत्र तिच्यासमोर मोठ्यानं वाचलं, ही चूक केली. ती जेवली न्हाई.

अक्का, लहान असून सांगतो, राग मानू नको. बापूंनी तुला त्या घरात दिली आहे, तुला तिथंच राहायचं आहे. लेकरांना भाकर दे, चार दिवस ठेव, पण सख्ख्या दिराच्या आड उभी राहू नको. ज्यानं तापातल्या माणसाला तोडलं, तो तुला सोडंल का? दाजी अबोल माणूस. त्यांना यात ओढू नको.

इकडं आपल्या भागातली पोरं एका खोलीत राहतात. बुधवारी रात्री तिथं पत्राची गोष्ट निघाली. शिरड शहापूरचा भिवाजी म्हणाला की तांडा सरकारी जमिनीवर बसला होता, कधी ना कधी उठणारच होता. मी म्हणलं, भाजलेल्या पोरीची पाठ पाहून असं बोल. तो हसला. मग माझा हात सुटला. त्याचा दात पडला अन् माझ्या मुठीत त्या दाताची खूण राहिली. मिरानं हळद भरली अन् दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाई.

पण भांडण मिटल्यावर पोरांनी चहाचा रिकामा डबा मधी ठेवला. ज्याला जे जमलं ते त्यानं टाकलं. मनिऑर्डर करून राहिलो. हे लेकरांसाठी आहे, गावाशी झगडण्यासाठी न्हाई, एवढं ध्यानात ठेव.

तुमच्या मायेत मला असू दे.

तुझा प्रभू


खैरवाडी
२ एप्रिल २०००

चि. प्रभूस अ. उ. आ.

अक्षर पाहून हसशील. उजवा हात मोडला आहे, डाव्यानं लिहून राहिले. मोडला कसा ते शेवटी सांगते, आधी चांगलं लिहू दे.

तुझी मनिऑर्डर आली. पण गावच्या गिरणीवाल्यानं आमचं दळण बंद केलं अन् दुकानदार मीठसुद्धा देईना. मग मी अन् अनुसयाबाई झोळी घेऊन निघालो. ती म्हणाली, आमी भीक मागणारी जात न्हाई, आमचे आजे बैलांवर धान्य लादून मुलूखभर फिरत. मी म्हणलं, भीक न्हाई, वर्गणी आहे. देऊळ बांधायला मागतात तशी लेकरांच्या घराला मागायची. मग चालली.

औंढ्याला नागनाथाच्या रस्त्यावर यात्रेकरूंपुढं उभे राहिलो. मला तोंड उघडायला लाज वाटली. अनुसयाबाईनं थोरल्या पोरीच्या पाठीवरचं झबलं वर केलं अन् म्हणाली, हे पाहा अन् मग पुढं जा. पुष्कळ जण पुढं गेले, काही थांबले. एका पूजेच्या सामानाच्या दुकानदारानं ताडपत्री दिली. शिरडच्या बायांनी तुरी अन् ज्वारी दिली. एका वाडीत आमच्यावर कुत्रं सोडलं, त्यानं अनुसयाबाईची पोटरी फाडली. ती लुगड्याची चिंधी बांधून तशीच पुढच्या दारात गेली. सिद्धेश्वरच्या मासे धरणाऱ्यांनी मात्र आमचं ऐकून घ्यायच्या आधीच बांबू काढून दिले. म्हणाले की धरणात आमची घरं बुडाली तेव्हा आमीबी असेच उघड्यावर होतो.

इकडं लांडग्यानं दोन कोकरं नेली, मेंढ्या उघड्यावर असल्यानं. दाजींनी उरलेल्या मेंढ्या मोजल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाले की गायरानाचा निकाल कोर्टात लागेल तेव्हा लागेल, माझ्या वाट्याच्या रानात चारीकडची पट्टी आहे, तिथं आठ घरं बसतात. अन् मी पाहिलं ते पोलिसांना सांगणार आहे. दोन्ही गोष्टी एकाच दमात बोलले. वर्षभराचं बोलणं एकदम झालं.

ते पुंजाजीला कळलं. परवा सकाळी ते आमच्या अंगणात आले, मला केसाला धरून वाड्यापर्यंत ओढत नेलं अन् म्हणाले, बाहेर काढ हे लमाण. मी कूड धरून ठेवला तर हातावर लाकूड घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तेव्हा तुझ्या दाजींनी थोरल्या भावावर काठी उचलली. जन्मात पहिल्यांदा. दोनच मारल्या. मग पुंजाजीच्या तिघांनी दाजींना खाली पाडलं अन् चेहऱ्यावर बुटांनी तुडवलं. डावा डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, उजवा वाचला हेच नशीब.

तू ये म्हणत न्हाई, येऊ नको म्हणत न्हाई. तुला एकदा पाहावंसं वाटतं.

तुझी अक्का


वाळूज
९ एप्रिल २०००

ती. अक्कास सा. न.

तुझं डाव्या हाताचं पत्र मी पाकिटात घालून कारखान्याच्या दारात नेलं. पाळी सुटताना दगडावर उभा राहून वाचलं. ज्यांना हिंगोली कुठं आहे ठाऊक न्हाई, ते बिहारचे अन् नगरचेही थांबले. तीन दिवस गमछा पसरून बसलो. आठही घरांना पुरतील इतके पत्रे घेतले. नांदेडचा एक ट्रकवाला औंढ्यावरून जातो, तो भाडं घेणार न्हाई. भिवाजी रोज माझ्याशेजारी गमछ्यापाशी बसला. मी काही विचारलं न्हाई, त्यानं काही सांगितलं न्हाई. दात मात्र नवा बसवला आहे.

आता ऐक. पत्र्यांबरोबर आमी दहा जण येतो. गज आमच्याबी हाताला लागतात. दाजींच्या डोळ्याचा हिशोब पुंजाजीच्या दोन्ही डोळ्यांनी चुकता करतो अन् रातच्या गाडीनं परत येतो. मिरा नको म्हणून राहिली, पण तिचं ऐकायची माझी मनःस्थिती न्हाई. तू फक्त व्हय म्हण.

तुझा प्रभू


खैरवाडी
१५ एप्रिल २०००

चि. प्रभूस अ. उ. आ.

न्हाई.

तुमी दहा जण मारून रातच्या गाडीनं जाल. आमी इथंच राहू. तुझ्या गजाचा राग हे लोक या लेकरांवर काढतील. दाजी म्हणतात की मला साक्ष द्यायची आहे, मेव्हण्याला सोडवायला कचेरीत फिरायचं न्हाई.

पत्रे आण. खिळे आण. सुतारकाम येणारा एखादा आण. गज आणलेस तर मी तुला दारात घेणार न्हाई, हे बहिणीचं नव्हे, आईच्या जागी असलेलीचं बोलणं समज. मिराला एकटी सोडू नको, शेजारच्या बाईला तिच्याजवळ निजायला सांग.

वाट पाहते.

तुझी अक्का


खैरवाडी
२६ एप्रिल २०००

प्रिय सौ. मिरा हिस अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे, हे आधी वाच. मग बाकीचं बसून वाच.

काल सकाळी पत्रे उतरवले. दाजींच्या पट्टीत एवढी माणसं येतील असं वाटलं न्हाई. शिरडच्या बाया पाणी घेऊन आल्या, धरणावरचे मासे धरणारे खड्डे खोदायला आले. अक्का मोडका हात गळ्यात बांधून सगळ्यांवर ओरडत होती. अनुसयाबाईला तू पाहिलेलं न्हाई. काटक बाई आहे, कपाळ मोकळं, हातात पहार. आपल्या घराच्या खांबाचा खड्डा तिनं कोणाला खोदू दिला न्हाई.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा पुंजाजी ट्रॅक्टरमधून दहा-बारा जणांना घेऊन उतरला. बोलणं काही झालंच न्हाई. त्यांनी उभे केलेले खांब कुऱ्हाडीनं पाडायला सुरुवात केली. वरचा पत्रा सुटून भिवाजीच्या खांद्यावर आला, मांस उघडं पडलं. बाया किंचाळत लेकरांना चारीकडं पळवत होत्या. एका म्हाताऱ्या कोळ्याचं डोकं फोडलं. मी पत्र्याचं एक टोक धरून उभा होतो अन् तसाच उभा राहिलो, मिरा. मारामारीच्या एवढ्या गोष्टी बोलणारा मी.

पुंजाजी सरळ अनुसयाबाईकडं गेला. म्हणाला, नवऱ्यापाशी जायचं का? अन् कुऱ्हाड उचलली. दाजी मधी घुसले. डाव्या बाजूनं त्यांना दिसत न्हाई, त्यामुळं घाव चुकवता आला न्हाई, तो त्यांच्या खांद्यात बसला. कुऱ्हाड उपसायला पुंजाजी वाकला, तेवढ्यात अनुसयाबाईनं पहार घातली. तो खाली पडला. तो उठून राहिला न्हवता, नुसता पडला होता. तिनं दुसऱ्यांदा घातली, डोक्यात.

त्याच्याबरोबरचे ट्रॅक्टर तिथंच टाकून निघून गेले. दाजींनी स्वतःच्या रक्तात बसून भावाचं डोकं मांडीवर घेतलं अन् त्याच्या तोंडावरची माती पुसत राहिले. अनुसयाबाईनं पहार खड्ड्यात उभी केली, हात धुतले, तान्ह्याला पाजलं. अक्काला म्हणाली की लेकरं तुझ्या पदरात घे, अन् ऊन उतरायच्या आत पत्रे चढवून घ्या, उद्या कोणी येणार न्हाई.

पोलीस पंचनामा करत होते तेव्हा आमी वर खिळे ठोकत होतो. जमादार थांबा म्हणाला, पुन्हा म्हणाला, मग त्यानं म्हणायचं सोडून दिलं. तिला जीपमध्ये बसवलं तेव्हा सहा घरं झाकली होती. बाकीची दोन अंधार पडायच्या आत झाली.

दाजी दवाखान्यात आहेत, वाचतील. मी चार दिवसांनी येतो. आपल्या लेकराला सांभाळ.

तुझा प्रभू


खैरवाडी
१७ ऑगस्ट २००३

चि. प्रभू व चि. सौ. मिरा यांस अ. उ. आ. तुमच्या पोरीस गोड पापा.

दोन्ही निकाल तुला कळलेच असतील, पण वर्तमानपत्रात सगळं येत न्हाई, म्हणून लिहिते.

तुझ्या दाजींनी भावाचं सगळं क्रियाकर्म केलं, मुंडण केलं. अन् नंतर कोर्टात दोन्ही वेळा उभे राहिले. धर्मसिंगला कोणी तोडलं ते नावं घेऊन सांगितलं. त्यांच्या सांगण्यावर चौघांना जन्मठेप झाली. अनुसयाबाईच्या खटल्यात तिच्या वकिलानं, जो आपण सगळ्यांनी पुन्हा वर्गणी करून दिला, दाजींना विनवलं की फक्त पहिला घाव सांगा. दाजींनी कुऱ्हाड आधी भावानं उचलली हे सांगितलं, अन् सरकारी वकिलानं विचारल्यावर दुसरा घावही सांगितला. म्हणून तिला सात वर्षं पडली. तांड्यावरचे काही जण आमच्याशी बोलेनात. मीसुद्धा महिनाभर यांच्याशी बोलले न्हाई. माझी जाऊ, पुंजाजीची बायको, तर त्या दिवसापासून आमच्या अंगणातून गेली न्हाई, तिचंही चुकलं असं मी कशी म्हणू?

गेल्या आठवड्यात अनुसयाबाईला तुरुंगात भेटून आले. मी भीत भीत दाजींचं नाव काढलं. ती म्हणाली, ज्यानं सख्ख्या भावाचं खरं सांगितलं अन् माझंबी खरं सांगितलं, त्याच्या घरात माझी लेकरं आहेत म्हणून मला इथं झोप लागते. धाकटा दाजींच्या पाठीवर बसून मेंढ्यांमागं हिंडतो अन् त्यांना बा म्हणतो, हे मी तिला सांगितलं न्हाई. तिनंच विचारलं, धाकटा मला कोण म्हणून ओळखंल? मी म्हणलं, माय म्हणून. रोज तिचं नाव घेऊन लेकरांना जेवायला बसवते, हे मात्र खरं आहे.

उठताना तिनं विचारलं की पत्रे गळतात का. मी न्हाई म्हणाले. तुला म्हणून सांगते, परवाच्या पावसात आठही घरं गळली. गावच्या मातंग आळीतल्या बायांनी गळतीखाली ठेवायला आणून दिलेली भांडी कोणी कुठं ठेवायची यावरून बाया पहाटेपर्यंत भांडत होत्या, अन् लेकरं त्या गोंधळात ढाराढूर झोपली होती. पुढच्या भेटीत तिला खरं तेच सांगते. तिला हसू येईल.

डांबर अन् पत्र्याच्या खिळ्यांना नवे वायसर पाठव. जमलं तर घेऊनच ये, मिराला अन् पोरीला आण.

तुझी अक्का