कानबाईचा मान

२९ जून
भुसावळचं माहेर सोडून तापीकाठच्या या लालबागेत सासरी आले, आणि खरं सांगते, हे घर मला आवडलं. आमचे हे, योगेंद्र, शाळेत शिकवायला गेले की मोठ्या जाऊबाई, अश्विनीताई, मला घेऊन बसतात. कशात काय घालायचं ते न रागावता सांगतात. आज माझी अर्धशिशी उठली, तर त्यांनी आपल्या डब्यातली गोळी दिली. त्यांनाही हाच आजार. तासाभरात डोकं हलकं झालं. बाई देवासारखी आहे!

१३ जुलै
देवासारखी आहे हे मात्र रोज ऐकावं लागतं. सासूबाईंच्या तोंडी उठता-बसता अश्विनी. श्रावणात कानबाई बसते, म्हणजे नारळाची देवी, आणि सोमवारी चौरंगासकट डोक्यावर घेऊन तिला तापीवर विसर्जनाला नेतात. तो मान दरसाल ताईंचाच. यंदा कोण, असं मी सहज विचारलं. सासूबाई म्हणाल्या, जिचं डोकं धड असेल ती. म्हणजे माझं दुखणं आता कुणाला कळता कामा नये.

२२ जुलै
लोधीपुऱ्यातल्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी न विचारता त्याच गोळ्या दिल्या. सकाळी एक, कामं आटोपली की एक. गोळी उतरली की ठणका परत येतो, मग आणखी एक. ताईंचं डोकं परवा दुखलं, त्या अंधार करून पडून राहिल्या. मी एकटीने स्वयंपाक केला. सासूबाई पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या. काय सुख वाटलं!

२७ जुलै
ताईंना माझ्या उशीखाली पाकीट सापडलं. हळूच म्हणाल्या, "मोनाली, या गोळ्या रोज घेऊ नको. नसा आवळतात, लकवा मारतो. डॉक्टरने मला सांगेल आहे."
स्वतः घेते ते चालतं. मला बरी दिसू द्यायचं नाही, एवढंच. जळते मेली.

१ ऑगस्ट
बोटं बर्फासारखी गार. मुंग्या येतात. भर दुपारी हातातून तांब्या पडला. ताई बघत होत्या. मी म्हटलं, ओला होता.

३ ऑगस्ट
कानबाई बसली. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, उद्या मोनाली. ताईंचा चेहरा उतरला — मला तेच हवं होतं. आज गोळ्या मोजल्या नाहीत.

४ ऑगस्ट, सकाळ
उजव्या हातात पेन राहत नाही. डाव्याने लिहिते. आरशात तोंड वाकडं — अर्धंच. हाक मारायला गेले, नुसता घोगरा आवाज —

बाहेर ढोल.
ताई दार ठोकतायत. रडतायत. मोनाली, कडी काढ, गाडी बोलावली —

काढणार नाही. मला असं बघितलं की देवी तीच उचलेल. तीच —

पाय उचलत नाही. कडी आता हाताला —
ठोकू दे. मान माझा
मा—